सॅलरी स्लिपवरचे दोनशे रुपये

परवा भाच्याचा फोन आला. पुण्यात पहिलीच नोकरी, पहिलाच पगार, आणि आवाजात आनंदापेक्षा वैतागच जास्त. "मामा, हे पी. टी. म्हणून दोनशे रुपये कापलेत. हे काय असतं? आणि परत कधी मिळतात?"

परत मिळत नाहीत म्हटल्यावर साहेब गप्प झाले. मग मी त्याला म्हटलं, फेब्रुवारीत तीनशे कापतील, तेव्हा पुन्हा फोन करू नकोस. अकरा महिने दोनशे आणि एक महिना तीनशे, वर्षाचे अडीच हजार. राज्यघटनेनेच त्याच्या वर जायला मनाई केली आहे. पी. टी. म्हणजे प्रोफेशनल टॅक्स, व्यवसाय कर.

फोन ठेवला आणि जाणवलं की खरी गोष्ट सांगायची राहूनच गेली. हा कर महाराष्ट्रात आला १९७५ साली, आणि तो आला तुझ्या पणजीसारख्या बायकांची मजुरी भागवायला. ती गोष्ट फोनवर मावली नसती. म्हणून इथे लिहितोय. घरातली मंडळी वाचतीलच. बाकीच्यांनी आमच्या घरगुती गप्पांत सामील व्हायला हरकत नाही. :-)

आमचं मूळ गाव चिखली तालुक्यातलं. बुलडाणा जिल्ह्यात कुणी "कुठले?" विचारलं की आधी घाटावरचे की घाटाखालचे ते सांगावं लागतं. मलकापूर, नांदुरा, खामगाव, शेगाव, जळगाव जामोद हे घाटाखाली: पूर्णेचं खोरं, काळी जमीन, कापूस, आणि रेल्वे. चिखली, मेहकर, देऊळगाव राजा, सिंदखेड राजा, लोणार हे घाटावर: हलकी जमीन, पाऊस देईल तसं पीक, आणि रेल्वेची नुसती चर्चा. आम्ही घाटावरचे. १९७२ च्या दुष्काळात आजी खडी फोडायला जात होती. मोठा दगड पुढ्यात, हातात हातोडी, शेजारी झोळीत माझी धाकटी आत्या. दिवसाला दोन-अडीच रुपये. कधी सुकडी मिळायची. रेशनवर लाल मिलो. तो मिलो कितीही शिजवला तरी घशाखाली उतरत नसे, असं ती सांगायची.

पुढे कधीतरी दिवाळीत सगळे जमलेले असताना माझे मामा, म्हणजे आमच्या घरातले अर्थमंत्री, म्हणाले, "सरकारनं तेव्हा खिरापत वाटली म्हणून लोक जगले, पण तीच सवय लागली." मामा बँकेतून रिटायर झालेले. एक रुपयाचाही हिशेब चुकू न देणारा माणूस. आजी कोपऱ्यात वाती वळत होती. मान वर न करता म्हणाली, "सरकारनं काय फुकट देलं व्हय? आमी खडी फोडली, मंग पैसे भेटले."

मामा हसले. बाकीचेही हसले. पण तो वाद काही माझ्या डोक्यातून गेला नाही. सरकारने खर्च करावा की हात आखडावा, या प्रश्नावर जगभरचे अर्थशास्त्री दोनेकशे वर्षं भांडताहेत, आणि आमच्या ओसरीवर त्याचे दोन वकील बसलेले होते. एक बँकेतला आणि एक खडी फोडणारी.

जुन्या मंडळींपासून सुरू करू. ॲडम स्मिथ १७७६ साली सांगून गेला की टंचाईत सरकारने धान्याच्या बाजारात हात घालू नये. व्यापारी नफ्यासाठी का होईना, पण स्वस्ताईच्या भागातून महागाईच्या भागात धान्य आणतोच. सरकारने भाव बांधले की धान्य दडतं. हे म्हणणं अगदीच चूक नाही. पण हिंदुस्थानात आलेल्या इंग्रज अधिकाऱ्यांनी ते धर्मग्रंथासारखं वाचलं आणि त्याला खजिन्याच्या काटकसरीची जोड दिली.

सर रिचर्ड टेंपलची गोष्ट पाहा. १८७४ साली बिहारात दुष्काळ पडला तेव्हा त्याने ब्रह्मदेशातून तांदूळ आणवला, सढळ हाताने खर्च केला आणि माणसं वाचवली. त्याबद्दल त्याला शाबासकी नाही, बोलणी मिळाली: फार उधळलंत! मग १८७७ मध्ये मद्रास आणि मुंबई इलाख्यांच्या दुष्काळावर लॉर्ड लिटनने त्यालाच पाठवलं, तेव्हा पठ्ठ्याने आधीची सगळी कसर भरून काढली. दुष्काळी कामावरच्या मजुराला दिवसाला एक पौंड धान्य आणि वर किरकोळ पैसे, एवढ्यात भागेल असं त्याने ठरवलं. इतिहासात हे 'टेंपल वेज' म्हणून कुप्रसिद्ध आहे. दख्खनमध्ये लोकांनी या मजुरीवर काम करायला नकार दिला, कामं सोडून गेले. पुण्याच्या सार्वजनिक सभेने दुष्काळाची हकीकत गोळा करून सरकारपुढे मांडली. पण तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं.

बिहारात माणसं वाचली आणि खर्च दिसला. दख्खनमध्ये खर्च वाचला आणि माणसं दिसली नाहीत. हिशेबाच्या वहीत रुपयाला रकाना असतो, मेलेल्या माणसाला नसतो.

त्या वेळी वऱ्हाड त्या मानाने सुखी होता. बुलडाणा जिल्हा वऱ्हाडात, आणि वऱ्हाड म्हणजे कापसाची पेढी. १८५३ मध्ये इंग्रजांनी तो निजामाकडून कारभारासाठी घेतला. मुंबईहून निघालेली रेल्वे मलकापूर, नांदुरा, शेगाव करत १८६७ मध्ये नागपूरला पोचली, आणि १८७० मध्ये जलंबहून खामगावपर्यंत फाटाही आला. का? तर खामगावच्या बाजारातला कापूस उचलायला. सरकारी खर्चाच्या बाबतीत इंग्रज कंजूष होते असं आपण म्हणतो खरं, पण कापसाच्या गाठी जिथे होत्या तिथे रूळ बरोबर पोचले.

मग १८९९-१९०० चा दुष्काळ आला, तो छप्पन्नचा. संवत १९५६, म्हणून छप्पन्न्या. या वेळी वऱ्हाड सुटला नाही. १८९१ च्या जनगणनेत वऱ्हाडाची लोकसंख्या एकोणतीस लाखांच्या घरात होती, १९०१ मध्ये ती साडेसत्तावीस लाखांवर आली. दहा वर्षांत वाढायची ती घटली. आणि लक्षात घ्या, रेल्वे होती. स्मिथच्या सिद्धांताप्रमाणे धान्य यायला कुठलीच अडचण नव्हती. पण घाटावरच्या ज्या मजुराचं पीक बुडालं आणि कामही बुडालं, त्याच्या हातात पैसाच नव्हता. व्यापारी धान्य आणतो ते भुकेल्याकडे नाही, गिऱ्हाइकाकडे.

तोपर्यंत १८८० च्या दुष्काळ आयोगामुळे 'फॅमिन कोड' झालं होतं. कामं काढायची, मजुरी जेमतेम जगण्यापुरती ठेवायची, काम कष्टाचं ठेवायचं, म्हणजे खरा गरजूच येईल. काहीच नसण्यापेक्षा हे कितीतरी बरं, आणि या कामांवर लाखो लोक जगलेही. पण मनातली भीती तीच. १९०० साली व्हाइसरॉय कर्झनच्या बोलण्याचा सूर असा होता की, उदारपणाने खजिना धोक्यात घालणाऱ्या सरकारवर टीका होईल हे ठीकच, पण सरसकट मदत वाटून लोकांचा स्वावलंबीपणा खच्ची करणं हा त्याहून मोठा गुन्हा. वाचताना मला आमच्या मामांचा आवाज ऐकू आला हो! सव्वाशे वर्षं झाली, वाक्य तेच.

यावर आपल्या मराठी माणसांनी काय म्हटलं ते शाळेत फारसं शिकवत नाहीत, म्हणून सांगतो. न्यायमूर्ती रानड्यांनी १८९२ मध्ये डेक्कन कॉलेजात हिंदी अर्थशास्त्रावर व्याख्यान दिलं. त्यांचं म्हणणं, इंग्लंडात लिहिलेले नियम सगळ्या देशांना सगळ्या काळी लागू पडत नाहीत. फ्रीडरिक लिस्टसारख्या जर्मन विचारवंतांचा धागा त्यात होता: मागासलेल्या देशात सरकारने हात बांधून बसणं म्हणजे तटस्थपणा नव्हे, ते पुढे गेलेल्याच्या बाजूने उभं राहणं आहे.

आणि त्यांचे शिष्य गोखले. २६ मार्च १९०२ रोजी कलकत्त्याच्या कायदेमंडळात त्यांचं अंदाजपत्रकावर पहिलं भाषण झालं. सरकारने अभिमानाने सुमारे सात कोटींची शिल्लक दाखवली होती. दुष्काळाने लोक कंगाल झालेले आणि सरकारी तिजोरी तुडुंब! गोखल्यांनी विचारलं (शब्द माझे आहेत), ही शिल्लक आली कुठून? ती भरभराटीची खूण नाही, तुम्ही गरजेपेक्षा जास्त कर वसूल करता याची खूण आहे. मिठावरचा कर कमी करा, शिक्षणावर खर्च करा. गंमत म्हणजे गोखले काही उधळे नव्हते. लष्करावरच्या खर्चात कपात करा हे तेच सांगत होते. म्हणजे प्रश्न 'खर्च की काटकसर' एवढाच नव्हता. कुणावरचा खर्च आणि कुणाची काटकसर, हा होता. पुढच्याच वर्षी, १९०३ मध्ये, मिठावरचा कर मणामागे अडीच रुपयांवरून दोन रुपयांवर आला.

(त्याच सुमाराला, १९०२ मध्ये, इंग्रजांनी वऱ्हाड निजामाकडून कायमच्या भाडेपट्ट्याने घेतला. भाडं वर्षाला पंचवीस लाख रुपये. छप्पन्न्यातून नुकत्याच उठलेल्या प्रांताचं भाडं! असो.)

आता केन्स. १९३६ सालचं त्याचं पुस्तक सगळ्यांना ऐकून माहीत असतं. या माणसाचं पहिलं पुस्तक मात्र हिंदुस्थानच्या चलनावर होतं, १९१३ सालचं. त्याचा मुद्दा सोप्या भाषेत असा. मामा म्हणतात, "घरात पैसा कमी आला की आपण खर्च कमी करतो, सरकारने का करू नये?" केन्स म्हणेल, कारण घरात तुमचा खर्च म्हणजे दुसऱ्याची कमाई असते आणि ती तुमच्याकडे परत येत नाही. देशात मात्र एकाचा खर्च हीच दुसऱ्याची कमाई, आणि ती फिरून येते. मंदीत सगळ्यांनी एकदम हात आखडला तर सगळ्यांचीच कमाई बुडते. अशा वेळी ज्याला हात सैल सोडता येतो असा एकच कोणी उरतो, तो म्हणजे सरकार. तेजी आल्यावर मात्र सरकारने आवरतं घ्यावं. हा उत्तरार्ध पुढाऱ्यांना कधी पाठ होत नाही.

त्याच्या समोरच्या बाजूला हायेक आणि त्याची ऑस्ट्रियन मंडळी. त्यांचं म्हणणं, सरकारी पैशाने काढलेलं काम माणसांना आणि साधनांना चुकीच्या जागी अडकवून ठेवतं. मंदी हे आधीच्या चुकांचं पथ्य आहे, ते पाळू द्या. पुढे फ्रीडमन आला: सरकारने पैशाचा पुरवठा सांभाळावा, खर्चाची कसरत करू नये. मग ब्यूकॅनन वगैरे मंडळींनी विचारलं की सरकार सरकार म्हणता, ते म्हणजे शेवटी पुढारी आणि बाबूच ना? एकदा सुरू झालेला खर्च ते बंद करतील कशाला?

आणि पोलंडचा कालेकी, त्याचा १९४३ सालचा लेख. त्याने उलटा प्रश्न विचारला. मंदीत खर्च केल्याने धंद्याचाही फायदाच होतो, तरी मालकवर्ग विरोध का करतो? त्याचं उत्तर: कारण काम मिळण्याची हमी असली की मजूर डोळ्याला डोळा भिडवून बोलतो.

हे सगळं मनात ठेवून १९७२ कडे येऊ.

१९७० पासूनच पाऊस हुलकावणी देत होता. १९७२ मध्ये तर तो आलाच नाही म्हणा. राज्यातलं धान्याचं पीक नेहमीच्या निम्म्याच्या आसपास आलं. मुख्यमंत्री वसंतराव नाईक, आमच्या विदर्भातल्या पुसदचे. सरकारने गावोगाव कामं काढली: रस्ते, पाझर तलाव, नालाबांध, खडी. मे १९७३ मध्ये राज्यभरातल्या कामांवर जवळपास पन्नास लाख माणसं होती. पन्नास लाख! त्यातली एक माझी आजी.

ज्याँ द्रेझ यांनी या दुष्काळाचा पुढे बारकाईने अभ्यास केला. धान्य इतकं कमी असूनही महाराष्ट्रात छप्पन्न्यासारखे भूकबळी पडले नाहीत. का? परराज्यांतून धान्य आणण्यावर निर्बंध होते, रेशनचं धान्य पुरत नव्हतं. तरी धान्य आलं, कारण खडी फोडणाऱ्यांच्या हातात आठवड्याला रोकडा पडत होता आणि त्या रोकड्याच्या वासाने व्यापारी धान्य घेऊन आले, काही सरळ मार्गाने आणि काही चोरवाटांनी. म्हणजे स्मिथ खरा ठरला, पण केन्सने गिऱ्हाइकाच्या खिशात पैसे घातल्यावर! १९०० साली रेल्वे होती पण मजुरी तुटपुंजी होती. १९७३ मध्ये घाटावर रेल्वे नव्हती, पण मजुरी होती. मला वाटतं, आपल्या जिल्ह्याच्या इतिहासातून अर्थशास्त्राचा एकच धडा शिकायचा असेल तर तो हा.

या कामांमागे वि. स. पागे यांची कल्पना होती. विधान परिषदेचे सभापती. तासगाव तालुक्यातल्या विसापूरच्या आसपास त्यांनी १९६५ मध्येच छोट्या प्रमाणावर हा प्रयोग केला होता: काम मागेल त्याला काम. इकडे दांडेकर आणि रथ यांनी १९७१ मध्ये भारतातल्या दारिद्र्यावरच्या अभ्यासात, गरिबी हटवायची तर ग्रामीण भागात सरकारी कामंच काढावी लागतील, असं मांडलं होतं. दुष्काळ सरल्यावर योजना गुंडाळली गेली नाही. १९७७ मध्ये रोजगार हमीचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. कामाचा कायदेशीर हक्क! देशाला तिथे पोचायला २००५ साल उजाडलं.

आणि पैसा? इथे भाच्याच्या दोनशे रुपयांचा पत्ता लागतो. १९७५ मध्ये नोकरदारांवर व्यवसाय कर बसवला. त्याच्या जोडीला वाहनं, विक्री, बागायती जमीन, शहरातली मालमत्ता यांवर छोटे छोटे जादा कर. जेवढा पैसा या करांतून येईल तेवढाच राज्य सरकारने आपल्या पदरचा घालायचा. म्हणजे मुंबईच्या कारकुनाच्या पगारातून निघालेला रुपया चिखलीच्या बाईच्या ओच्यात पडायचा.

यात एक बारीक गोष्ट आहे, ती मामांनाही पटली. ही उधारी नव्हती. केन्स म्हटलं की लोकांना वाटतं कर्ज काढून खर्च. रोजगार हमी मात्र मुख्यतः कराच्या पैशावर चालली. ज्याच्याकडे शिल्लक पडली असती त्याच्याकडून घेतलं, आणि मिळाल्याबरोबर ज्वारी घेणाऱ्याला दिलं. तूट न वाढवताही मागणी वाढते ती अशी. शिवाय राज्य सरकारला दुसरा मार्गही नसतो. नोटा छापायचा कारखाना मंत्रालयात नाही, आणि कर्ज काढायचं तर दिल्लीकडे बघावं लागतं. 'सरकारला पैशाची चणचण कधी नसतेच' असं अलीकडे काही अर्थशास्त्री म्हणतात. ते वॉशिंग्टनला लागू असेल, दिल्लीला थोडंफार असेल. मुंबईला नाही.

आता मामांची बाजू. तीही खरी आहे, आणि ती सांगितली नाही तर फराळाला बोलावणार नाहीत.

खोटे हजेरीपट. मेलेल्या माणसांची नावं. पावसाळ्याआधी माती टाकलेला रस्ता पावसाळ्यात वाहून जायचा, आणि पुढच्या उन्हाळ्यात त्याच रस्त्यावर पुन्हा माती. हायेक म्हणाला असता, बघा, सांगितलं नव्हतं? आणि ब्यूकॅननला हवा तसा नमुना म्हणजे कापूस एकाधिकार योजना. १९७२ मध्ये सुरू झाली. राज्यातला कापूस फक्त सरकारी यंत्रणाच घेणार. हेतू चांगला: शेतकऱ्याला व्यापाऱ्याच्या तावडीतून सोडवणं. पुढे भाव बाजारापेक्षा वर बांधले गेले, तोटा साचत गेला, चुकारे लांबू लागले, ग्रेडरपुढे हात जोडायची पाळी आली. खामगावच्या बाजारात ज्याने कापसाची गाडी उभी केली आहे त्याला हे सांगायला नको. आणि या योजनेविरुद्ध बोलणारा सर्वांत मोठा आवाज धनदांडग्यांचा नव्हता, शरद जोशींचा होता. शेतकऱ्याला सूट-सबसिडीची भीक नको, त्याच्या मालाचा भाव पाडू नका आणि त्याला हवं तिथे विकू द्या, हे त्यांचं म्हणणं. २००० च्या दशकाच्या सुरुवातीला ही मक्तेदारी मोडली.

पण ती मोडली आणि सुख आलं का? २००६ मध्ये पंतप्रधानांना आत्महत्याग्रस्त सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचं पॅकेज जाहीर करावं लागलं, आणि त्या सहांत बुलडाणा होता. योजना वाईट होती हे खरं. तिच्या जागी दुसरं काही उभं न करता निघून जाणंही वाईट होतं, हेही खरं. कपातवाल्यांचा सिद्धांत असा की सरकार बाजूला झालं की ती जागा बाजार भरतो. कधीकधी भरतो. कधीकधी ती जागा सावकार भरतो.

एक गोष्ट मला वाचता वाचता उमगली, ती मात्र दोन्ही पक्ष फारशी बोलत नाहीत. कपात नेहमी 'कपात' असं नाव लावून येत नाही. १९८८ मध्ये रोजगार हमीची मजुरी जवळपास दुप्पट झाली, कारण किमान वेतन वाढलं. उत्तमच की! पण त्या प्रमाणात तरतूद वाढली नाही. मग काय झालं? कामं कमी निघाली. ज्याला मिळालं त्याला दुप्पट, बाकीचे घरी. रॅव्हालियन आदी अभ्यासकांनी हे आकडेवारीने दाखवलं: हमी कागदावर राहिली आणि प्रत्यक्षात रेशनिंग सुरू झालं. कुणी कायदा रद्द केला नाही, कुणी भाषण केलं नाही. नुसतं काम निघालं नाही. पुढे केंद्राच्या योजनेतही तेच: पंधरा दिवसांत मिळायची मजुरी महिने महिने अडकायची. उशीर हीसुद्धा कपातच. फक्त तिची बातमी होत नाही.

बाहेरच्या जगातही २००८ नंतर हा वाद नव्याने पेटला. अलेसिना वगैरेंनी मांडलं होतं की खर्चात ठाम कपात केली तर लोकांचा विश्वास वाढून अर्थव्यवस्था उलट वाढूही शकते. डेन्मार्क, आयर्लंडची जुनी उदाहरणं दिली गेली. युरोपने ते मनावर घेतलं, ग्रीसचं काय झालं ते आपण पाहिलं. २०१३ मध्ये नाणेनिधीच्याच ब्लँशार आणि ली यांनी दाखवून दिलं की कपातीचा फटका किती बसेल याचे अंदाज फार कमी धरले गेले होते.

आणि २०२०. लॉकडाऊन. मे महिन्यात राज्य सरकारने विकासकामांच्या खर्चाला ६७ टक्के कात्री लावली. उत्पन्नच आटलं होतं, राज्य दुसरं करणार काय? त्याच महिन्यात केंद्राने ग्रामीण रोजगार हमीला ४० हजार कोटी जादा दिले. एकाच वेळी दोन सरकारं, दोन दिशा. पुण्या-मुंबईहून पोरं चालत, ट्रकवर बसून गावी परतली. आमच्या गावातही आली. इंजिनिअर झालेलं एक पोरगं नालाखोलीकरणाच्या कामावर टिकाव घेऊन उभं होतं. जिथे उभं होतं तिथून हाकेच्या अंतरावर बहात्तरच्या कामातला पाझर तलाव आहे.

डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने २००५ च्या कायद्याच्या जागी नवा कायदा मंजूर केला. दिवस शंभराचे एकशे पंचवीस. पण बहुतेक राज्यांनी खर्चाचा ४० टक्के वाटा उचलायचा, आणि पेरणी-कापणीच्या हंगामात मिळून साठ दिवस कामं थांबवता येतील. हे शेवटचं वाचलं आणि कालेकी आठवला. आणि १९८८ ही आठवलं. दिवस वाढले खरे, पण तरतूद वाढेल का, आणि हंगामात मजुराला मालकाच्या डोळ्याला डोळा भिडवता येईल का, ते गावात जाऊनच बघावं लागेल.

मग माझं मत काय? मामा विचारतीलच.

मला वाटतं, काटकसर हा चांगला गुण आहे, आणि आजीइतकी काटकसरी बाई मी पाहिली नाही. वातीचं उरलेलं सूतही ती गुंडाळून ठेवायची. पण तिला एक गोष्ट कळत होती, ती टेंपलला आणि कर्झनला कळली नाही. तिच्या घरी पीठ संपत आलं की ती आधी स्वतःची भाकरी कमी करायची, पोरांची शेवटी. सरकारची काटकसर बहुधा उलट्या क्रमाने चालते. पगार थांबत नाहीत, व्याज थांबत नाही, थांबतो तो रस्ता आणि थांबते ती मजुरी. खामगाव-जालना रेल्वेच्या वाटेकडे घाटावरच्या किती पिढ्या डोळे लावून बसल्या, त्याचा हिशेब कुठल्याच अंदाजपत्रकात नसतो. म्हणून कुणी 'खर्च कमी करा' म्हणालं की मी आता सिद्धांत विचारत नाही. एवढंच विचारतो: पहिली भाकरी कुणाची कमी करणार?

आजी जाऊन बरीच वर्षं झाली. गेल्या उन्हाळ्यात गावी गेलो तेव्हा मामाही बरोबर होते. चिखलीच्या रस्त्यावरून येताना मी त्यांना तो जुना तुकडा दाखवला. वर दहा वेळा डांबर चढलंय, पण खाली अजून तीच खडी असणार. मामांनी गाडी थांबवायला सांगितली. खाली उतरून काही वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "टिकलाय मात्र." मामांकडून याहून मोठं प्रमाणपत्र मिळत नसतं.

तर भाचेराव, ते दोनशे रुपये परत मिळत नाहीत हे खरं. पण हा कर ज्या कामासाठी बसला, त्यातली एक मजुरी तुझ्या पणजीच्या हातात पडली होती. दर महिन्याला कापले गेले की एकदा तिची आठवण काढ, म्हणजे फुकट गेले असं वाटणार नाही. फेब्रुवारीत दोनदा काढ.